राशोलचे सेमिनार : चिरा, चुना आणि चारशे वर्षे

मडगावहून राय गाव मागे टाकून पुढे निघाले, की सात-आठ किलोमीटरवर रस्ता एका जुन्या दगडी दरवाजातून आत शिरतो. वर कमान, बाजूंना झाडी आणि पलीकडे शांत, हिरवे खेडे. एके काळी शंभराच्या आसपास तोफा बाळगणाऱ्या राशोलच्या किल्ल्याची खूण म्हणून आता हा दरवाजाच काय तो उरला आहे. पण ज्या विद्यालयाने या किल्ल्याच्या आसऱ्याला येऊन घर बांधले, ते विद्यालय टेकडीवर तसेच उभे आहे. खाली जुवारी नदीच्या काठची खाजन शेते पसरलेली आणि वर पांढऱ्या भिंतींची ती उंच, लांबरुंद वास्तू.

गोव्यात सगळे तिला राशोलचे सेमिनार, म्हणजे पाद्री घडवणारे विद्यालय, म्हणतात. जुन्या लेखनात गावाचे नाव रायतूर असे येते आणि मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तेच अधिक ओळखीचे आहे. १६०६ साली या इमारतीचा पाया घातला गेला आणि १६१० पर्यंत ती उभी राहिली. मालक बदलले, राज्ये बदलली, शिकवण्याची भाषा बदलली. मधूनमधून खंडही पडला. तरी ज्या कामासाठी ही वास्तू बांधली, ते शिकवण्याचे काम आजही तिथेच चालते. म्हणून या संस्थेचा इतिहास सांगायचा, तर तो तिच्या भिंतींपासूनच सांगायला हवा.

मडगाव सोडून कोटात

राशोलचा कोट पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीचा. बहमनी, विजयनगर, आदिलशाही अशा सत्तांच्या हाती तो फिरला. १५२० मध्ये कृष्णदेवरायाने आदिलशहाकडून जिंकलेला हा मुलूख पोर्तुगीजांना दिला, पण राशोलभोवतीचा साष्टी प्रांत त्यांच्याकडे कायमचा आला तो १५४३ मध्ये. पुढे १५६० मध्ये साष्टीत धर्मप्रसार करण्याची जबाबदारी जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाकडे सोपवली गेली.

त्या दशकाची आठवण गोव्याच्या घराघरांत आहे. १५६७ मध्ये याच राशोल किल्ल्याचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याच्या मोहिमेत साष्टीतली सुमारे २८० देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा ही दैवते भाविकांनी जुवारी ओलांडून पलीकडे, तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नसलेल्या फोंडा महालात नेली. आज मंगेशी आणि कवळे येथे जी देवळे आहेत, त्यांचा उगम या स्थलांतरात आहे. नदीच्या एका तीरावर सेमिनार आणि दुसऱ्या तीरापलीकडे ही देवळे, हा भूगोल त्या इतिहासातून घडला. सेमिनारविषयी बोलताना ही बाजू गाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

जेझुइटांनी साष्टीतले पहिले कॉलेज १५७४ मध्ये मडगावात काढले. पोर्तुगालचा राजा सेबास्तियान याचा त्याला आश्रय होता. मडगाव मोकळ्या सपाटीवरचे गाव. तिथे ना कोट, ना नदीची आड. १५७९ मध्ये आदिलशाही फौजा चालून आल्या आणि तिथल्या इमारतींची नासधूस झाली. कॉलेज राशोलला हलवावे लागले. पण मडगाव की राशोल हा प्रश्न एवढ्याने मिटला नाही. तो पुढे पंचवीस वर्षे रेंगाळला. मडगाव साष्टीच्या मध्यावर आणि लोकवस्तीजवळ, तर राशोल सुरक्षित. शेवटी सुरक्षिततेने कौल मिळवला. १ नोव्हेंबर १६०६ रोजी, ख्रिस्ती पंचांगातल्या सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, राशोलच्या नव्या इमारतीची सुरुवात झाली आणि म्हणून तिला 'सर्व संतांचे कॉलेज' हे नाव मिळाले.

आश्रयदाता म्हणून मात्र नाव कायम राहिले ते राजा सेबास्तियानचेच. तो १५७८ मध्ये मोरोक्कोच्या रणांगणावर मारला गेला होता. पाया घातला तेव्हा त्याच्या मृत्यूला २८ वर्षे झाली होती आणि पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचा राजा बसला होता.

चिऱ्याचे घर

दुरून ही वास्तू युरोपीय दिसते. पांढरा दर्शनी भाग, ओळीने खिडक्या, अर्धस्तंभांनी पाडलेले उभे-आडवे भाग. पण तिचे शरीर कोकणी मातीचे आहे. ते जांभ्याचे आहे.

जांभा हा स्वभावाने विलक्षण दगड. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, कुदळीने आणि कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात. हवा लागली की तो घट्ट होत जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंत घरे, विहिरी, गडगे सगळे या चिऱ्यांचेच. त्याची उणीव एवढीच, की तो सच्छिद्र आहे. त्यावर बारीक नक्षी टिकत नाही आणि उघडा ठेवला तर कोकणचा पाऊस त्याला हळूहळू पोखरतो. म्हणून त्यावर चुन्याचा जाड गिलावा हवाच. किनाऱ्यावर या चुन्यासाठी शिंपले भाजत. नदीमुखांत शिंपल्यांचे थरच्या थर सापडत, तेव्हा कच्च्या मालाची वाण नव्हती.

गोव्यातल्या चर्चांचा पांढरा रंग आपण शोभेचा मानतो. मुळात ते पावसापासून घातलेले चिलखत आहे. दर पावसाळ्यानंतर भिंत काळवंडते आणि पुन्हा चुना काढावा लागतो. राशोलच्या भिंती चारशे वर्षे टिकल्या त्यामागे वर्षानुवर्षांची ही मेहनत आहे. ती न घेतली तर काय होते, हे जुन्या गोव्यात दिसते. बॉम जेझुस बॅसिलिकेच्या बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात दुरुस्तीच्या नावाखाली काढून टाकण्यात आला. तेव्हापासून तिचा लालसर जांभा उघडा पडला आहे. पर्यटकांना तो रंग आवडतो, पण दगड झिजतो आहे आणि गिलावा पुन्हा चढवावा की नाही यावर जाणकारांचा वाद चालू आहे.

जुन्या गोव्यातल्या मोठ्या चर्चांच्या दर्शनी भागांसाठी वसईहून काळा दगड गलबतांनी आणत, कारण नक्षी धरायला तो हवा. जिथे असा खर्च नव्हता, तिथे चिरा आणि चुना यांवरच काम भागवावे लागे. मग कोरीव काम दगडात न होता गिलाव्यात आणि लाकडात होई. राशोलच्या वास्तूचे बाहेरून साधे आणि आतून श्रीमंत असे जे रूप आहे, त्याचे मूळ काही अंशी या दगडाच्या स्वभावात आहे.

चौकाभोवतीचे शिक्षण

मराठी माणसाला या इमारतीचा आराखडा समजायला वेळ लागत नाही. मध्ये चौक, भोवती सोपे आणि सोप्यांवर उघडणाऱ्या खोल्या. वाड्याची आपली रचना हीच. फरक हेतूत आहे. वाडा कुटुंबासाठी असतो, त्यात माजघर आणि देवघर असते. इथे एका बाजूला चर्च, आणि उरलेल्या बाजूंना वर्ग, राहण्याच्या खोल्या, भोजनगृह आणि ग्रंथालय.

युरोपातल्या मठांची ही जुनीच मांडणी होती. जेझुइटांनी ती शाळेसाठी वापरली. त्यांच्या संघात इमारतीचे आराखडे मंजुरीसाठी रोमला पाठवण्याची पद्धत होती. बांधकाम टिकाऊ, आरोग्याला चांगले आणि कामाला सोयीचे असावे, त्यात डामडौल नसावा, अशी त्यांची अपेक्षा असे. मलबारपासून ब्राझीलपर्यंत त्यांची कॉलेजे एकमेकांची भावंडे वाटतात ती यामुळेच.

राशोलच्या चौकाखाली पाण्याचे मोठे टाके आहे. टेकडीवरच्या वस्तीला, तीही वेढा पडण्याची भीती असलेल्या वस्तीला, घरातच पाणी असणे किती मोलाचे होते हे सांगायला नको. जाड भिंतींमुळे वैशाखातही आत गारवा राहतो. लांबलचक दालनांमुळे पावसाळ्यात अंग न भिजता एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येते. चार महिने पाऊस कोसळणाऱ्या प्रदेशात, दिवसातून अनेकदा प्रार्थनेला, वर्गाला, जेवणाला एकत्र जमणाऱ्या माणसांसाठी ही सोय कळीची होती.

या दालनांना आणखी एक काम होते. पाद्री होऊ पाहणाऱ्या मुलाचा दिवस घंटेवर चाले. कधी बोलायचे, कधी मौन पाळायचे, कधी एकट्याने वाचायचे आणि कधी सगळ्यांनी मिळून गायचे, हे सगळे ठरलेले. खोलीतून चर्चकडे जाताना जो लांब सोपा लागतो, त्यात मन एका कामातून निघून दुसऱ्यात शिरते. भिंतींवर जुनी चित्रे आहेत, पूर्वीच्या आर्चबिशपांची व्यक्तिचित्रे आहेत. रुंद जिन्यावरून वर गेले की ग्रंथालय लागते. तिथे चामडी बांधणीचे लॅटिन आणि पोर्तुगीज ग्रंथ आहेत. रोज त्याच वाटेने, त्याच चित्रांखालून जाणाऱ्या तरुणाला ही वास्तूच निम्मे शिकवत असे.

चर्च : कान आणि डोळे

इमारतीला जोडलेले चर्च संत इग्नेशियस लॉयोला यांचे. जेझुइट संघाच्या या संस्थापकाला १६२२ मध्ये संतपद मिळाले आणि कॉलेजचेही नाव बदलून त्यांचे नाव देण्यात आले.

या चर्चची रचनाही शिकवण्याच्या सोयीने झाली आहे. आत खांबांच्या रांगा नाहीत. एकच सलग, उंच दालन आहे. जेझुइटांच्या दृष्टीने प्रवचन हा उपासनेचा गाभा होता. व्यासपीठावरून बोललेला शब्द शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जावा आणि मुख्य वेदी प्रत्येकाला दिसावी, म्हणून मध्ये खांब नको. बाहेरचा साधेपणा इथे संपतो. कोरीव लाकडावर सोन्याचा मुलामा दिलेल्या वेद्या, रंगवलेले फलक, मूर्ती. उंच खिडक्यांतून येणारा उजेड त्या मुलाम्यावर पडतो तेव्हा वेदीची भिंत उजळून निघते.

गोव्यातल्या अशा वेद्या कोरणारे हात बहुतेक इथल्याच कारागिरांचे होते. १५६७ च्या गोव्यातल्या धर्मसभेने ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रे हिंदू कारागिरांकडून करवून घेऊ नयेत असा नियम केला होता. नियम करावा लागला याचाच अर्थ तसे काम सर्रास चालत होते. गोव्याच्या वेद्यांवरची पाने-फुले, वेली आणि देवदूतांचे गोल, भरलेले चेहरे जवळून पाहिले, तर देवळाच्या लाकूडकामात मुरलेला हात ओळखू येतो. दैवते नदीपार गेली, पण सुताराची पटाशी इथेच राहिली.

या चर्चशी बाल येशूच्या एका मूर्तीची हकिगतही जोडलेली आहे. ही मूर्ती मूळ कोलवा गावची. एकोणिसाव्या शतकात धर्मसंघ बंद झाले तेव्हा ती राशोलला आणण्यात आली. कोलव्याच्या लोकांनी ती परत मागितली, पण मिळाली नाही. त्यांनी दुसरी मूर्ती स्थापन केली आणि मूळ मूर्तीच्या बोटातली अंगठी या नव्या मूर्तीकडे आली, असे तिथले भाविक श्रद्धेने सांगतात. दर ऑक्टोबरात कोलव्याला भरणारी 'फामा'ची जत्रा या नव्या मूर्तीची.

रायतूरचा छापखाना

मराठी वाचकाचे या वास्तूशी असलेले नाते सर्वांत घट्ट आहे ते इथे. भारतात छपाई सुरू झाली ती १५५६ मध्ये, जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. राशोलच्या कॉलेजातही छापखाना चालला आणि १६१६ मध्ये त्यातून फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' बाहेर पडले.

स्टीफन्स इंग्लंडच्या विल्टशायरचे. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्याला पोहोचले आणि १६१९ मध्ये मरण येईपर्यंत परतले नाहीत. या चाळीस वर्षांतली बहुतेक साष्टीत गेली. गावकऱ्यांत मिसळून ते भाषा शिकले. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकायला आपले असे काही उरले नाही, हे त्यांनी ओळखले. मग ज्ञानेश्वर-एकनाथांनी मळलेल्या ओवीच्या वाटेने जाऊन, कोंकणीचा लहेजा मिसळलेल्या मराठीत, सुमारे ११ हजार ओव्यांचा ग्रंथ त्यांनी रचला. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्यामुळे तो रोमन लिपीत छापावा लागला.

त्यांच्या निधनानंतरही छपाई चालू राहिली. १६२२ मध्ये त्यांचे कोंकणीतले धर्मशिक्षणाचे प्रश्नोत्तररूप पुस्तक राशोलला छापले गेले आणि १६४० मध्ये कोंकणी भाषेचे त्यांचे व्याकरण. भारतीय भाषेचे छापून निघालेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा मान आहे. मुंबई-पुण्यात मराठी छापखाने सुरू व्हायला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे अवकाश होता.

यानंतर वारे फिरले. १६८३ च्या अखेरीस संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी-बारदेशात शिरल्या आणि राशोलच्या किल्ल्यालाही त्याची झळ लागली. ते संकट सरताच, १६८४ च्या जूनमध्ये, व्हाइसरॉय आल्व्होरच्या काउंटने स्थानिक भाषेचा वापर सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला. ज्या कॉलेजाने लोकभाषेचे व्याकरण छापले, त्याच कॉलेजाच्या मुलखात ती भाषा बोलण्यावर बंदी आली. विसाव्या शतकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, तेव्हा कोंकणी पुन्हा वेदीपर्यंत पोहोचली.

वास्तू का वाचली

राशोलचे थोरले भावंड म्हणजे जुन्या गोव्यातले सेंट पॉल कॉलेज. आशियातल्या मिशनरी शिक्षणाचे ते केंद्र होते. आज त्याची फक्त दर्शनी कमान रस्त्याकडेला उभी आहे. रोगराईने जुना गोवा ओस पडला, इमारती मोडकळीस आल्या आणि त्यांचे दगड पणजीच्या उभारणीला गेले. मग राशोल कसे टिकले?

एक कारण जागेचे. टेकडी, वारा, भोवती शेती आणि लहानसे गाव. दुसरे कारण कागदावरचे आहे आणि तेच निर्णायक ठरले. १७५९ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोम्बाल याच्या आज्ञेने जेझुइटांना पोर्तुगीज मुलखातून घालवून दिले गेले. राशोलची इमारत ओस पडू शकली असती. पण १७६२ मध्ये ती गोव्याच्या धर्मप्रांताकडे आली आणि 'उत्तम मेंढपाळा'च्या नावाने तिथे सेमिनरी सुरू झाली. पुढे काही काळ ओरेटोरियन आणि लाझरिस्ट पाद्र्यांनीही ती चालवली. १८३५ मध्ये गोव्यातले सगळे धर्मसंघ बरखास्त झाले आणि त्यांचे मठ सरकारजमा झाले, तेव्हा राशोलवर ते संकट कोसळले नाही. ही सेमिनरी कोणा संघाची मालमत्ता नव्हती, धर्मप्रांताची होती. १८८६ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांना पॅट्रिआर्क ही पदवी मिळाली आणि सेमिनरीच्या नावातही ती आली.

पणजीला वैद्यकीय विद्यालय १८४२ मध्ये आले आणि लिसेव ही माध्यमिक शाळा १८५४ मध्ये. त्याआधी गोमंतकीय मुलाला लॅटिन, तत्त्वज्ञान किंवा संगीत शिकायचे असेल, तर सेमिनरीखेरीज फारशी वाट नव्हती. इथे शिकलेले सगळेच पाद्री झाले नाहीत. जे झाले त्यांनी गावोगावच्या चर्चांत आणि शाळांत हे शिक्षण पोहोचवले.

या वास्तूत राहून गेलेल्या माणसांत हणजुणेचे फादर आग्नेल डिसोझा यांचे नाव आदराने घेतले जाते. १९१८ पासून ते इथे विद्यार्थ्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते आणि २० नोव्हेंबर १९२७ रोजी राशोललाच त्यांनी देह ठेवला. १९८६ मध्ये चर्चने त्यांना 'पूजनीय' घोषित केले. पुढे ते ज्या संघाचे होते त्या पिलारच्या पाद्र्यांनी महाराष्ट्रात आणि इतरत्र काढलेल्या शिक्षणसंस्थांना त्यांचे नाव दिले.

१९९४ मध्ये याच इमारतीत ख्रिस्ती कलेचे संग्रहालय उघडले. गोव्यातल्या चर्चांतल्या हस्तिदंती मूर्ती, चांदीची पात्रे, भरतकामाची वस्त्रे तिथे जमवली गेली. २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमध्ये हलले. सेमिनरीच्या दिनक्रमात पर्यटकांच्या वर्दळीला जागा नव्हती, आणि जुन्या गोव्यात त्या संग्रहाला अधिक प्रेक्षक मिळाले. राशोलच्या खोल्या पुन्हा विद्यार्थ्यांच्या झाल्या.

'ख्रिस्तपुराणा'च्या १६१६ च्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांचीही नाही. मंगळूरकडच्या ख्रिस्ती घराण्यांनी हस्तलिखिते पिढ्यानुपिढ्या सांभाळली, त्यांच्या आधारे १९०७ मध्ये तो ग्रंथ पुन्हा छापता आला. ग्रंथ माणसांनी जपला आणि घर चुन्याच्या हातांनी. गोव्याला जाणाऱ्या मराठी वाचकाने समुद्रकिनाऱ्यावरचा एक दिवस कमी करून राशोलला जावे. ती राहती संस्था आहे, म्हणून आधी परवानगी घ्यावी, आवाज खाली ठेवावा आणि त्या चौकात थोडा वेळ उभे राहावे. आणि कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या पेटीत रोमन लिपीतल्या ओव्यांची जुनी पाने असतील, तर ती रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाला किंवा पुराभिलेखागाराला दाखवावीत. रायतूरच्या त्या पहिल्या छपाईचे पान कदाचित अजूनही सापडेल.